पहिलं पीस

९ नोव्हेंबर

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद.

मामानं फोन का केला नाही म्हणून फुरंगटून बसू नकोस. फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" करतेस आणि तिकडे ऑफिसात कुणाशी तरी भांडत असतेस. कागदावर लिहिलं म्हणजे निदान पूर्ण वाचावं तरी लागतं.

इकडे ठीक. मामीचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा जास्त मामी. कवळ्यांचं काम मी कमी केलंय. दातांचे डॉक्टर हल्ली भलतेच नखरेल झालेत. परवा एकानं अख्खी वरची कवळी परत पाठवली. म्हणे, पुढचे दोन दात बाकीच्यांच्या रंगाला जुळत नाहीत! उभा जन्म लोकांना दात बसवण्यात गेला माझा, आणि हा कालचा पोरगा मला पांढरं-पिवळं शिकवणार. म्हटलं, जा बाबा, तूच कर. मागच्या खोलीतलं ग्राइंडर फडक्यानं झाकून ठेवलंय.

पाखरांचं मात्र जोरात चाललंय. ओढ्याकाठच्या गवतात रोज सकाळी जाळी लावतो. वटवटे उतरलेत. तेच आपले मातकट-हिरवे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. पायात नंबराची कडी घालतो, मोजमाप घेतो, सोडून देतो.

आता मुख्य बातमी. आमच्या दवाखान्याचा कंपाउंडर तुला आठवत असेल, बोलताना डोळा मारायची सवय असलेला. तो माझ्याबरोबर जाळ्यावर यायचा. त्याला लांबपंख्या वटवट्या मिळालाय! आपल्या ह्या बाजूला आजवर कुणालाही न मिळालेला. पंख उघडून फोटो काढलाय, सगळं रीतसर टाईप करून तुमच्या पक्षीनोंद तपासणी मंडळाकडे पाठवलंय. बिचारा फार आशेवर आहे.

तुझ्याच टेबलावर येईल ते. मामाचा दोस्त म्हणून सोडू नकोस हं. जे दिसेल तेच लिही.

मामीचा आशीर्वाद. ती म्हणते, लोणी लावायची गरज पडली की मगच मामाला पत्र सुचतं. खोटं आहे.

तुझा,
मामा


२३ नोव्हेंबर

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार, गुडघ्याला वेगळा.

आधी एक सांग, तुझं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं? पानावर दहा ओळी! मला वाटलं दुकानाची पाटी रंगवून पाठवलीस. ऑफिसातल्या शेजारणीला तिच्या खुर्चीवरून वाचता आलं, आणि आता ती मला खारूताई म्हणते. तुझी कृपा.

कंपाउंडरकाकांचा कागद आला. मामा, मी हसून हसून लोळायची बाकी होते. हे तूच त्यांना शिकवलंस म्हणून सांगू नकोस कुणाला.

पंखाच्या टोकाची लांब पिसं बाहेरून आत मोजायची. तिसऱ्यापासून पुढे पिसाची बाहेरची कड मध्येच कापल्यासारखी निमुळती होते, ती खाच बघायची. रोजच्या वटवट्याला ती सहाव्या पिसापर्यंत असते. लांबपंख्याला पाचव्यापर्यंतच, सहावं सरळ. एका खाचेचा काय तो खेळ. बाकी रंग, भुवई, पाय, सगळं उन्नीस-बीस. तूच मला हे ओट्यावर बसवून शिकवलं होतंस, शाळेत पाढे येत नव्हते तेव्हा.

आणि काकांनी काय केलंय? पहिलं पीसच गाळलंय! ते एवढुसं, नखाएवढं, वरच्या पिसांत लपलेलं. ते सोडून दुसऱ्यालाच "एक" म्हटलंय. झालं, तिथून पुढे सगळी रांग एकानं चुकली. ज्याला ते सहावं म्हणतात ते सातवं आहे, आणि सातवं सरळच असणार की! फोटोत ते धाकटं पीस स्वच्छ दिसतंय. तू काय म्हणायचास? "आधी धाकट्याला विचार, मग थोरल्यांना." हजार वेळा ऐकलंय मी.

मी शेरा लिहिलाय. आमचे शेरे निनावी असतात, त्यामुळे हात मोकळा सुटतो. ऐक:

"निरीक्षकाने पहिले पीस मोजलेले नाही. पक्षी नवा पाहुणा नसून रोजचाच आहे. निरीक्षकाने यापुढे आधी चष्मा घ्यावा, मग जाळे."

कसा आहे? मंडळाच्या जानेवारीच्या संमेलनात चिटणीस वाचून दाखवतील. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या चुकीला आपलं ते प्लायवूडचं घुबड देतात ना, ह्या वर्षी ते कुठं जाणार हे आत्ताच ठरलं म्हणून समज. तू ये. पहिल्या रांगेत बस.

तुझी,
खारूताई


५ डिसेंबर

प्रिय खारूताई,

आशीर्वाद.

तुझा शेरा वाचला. नेटका आहे. चूक काय, कुठं झाली, सगळं एका दमात. शिकवलेलं फुकट गेलं नाही.

एवढंच विचारतो, फोटोत ते धाकटं पीस नक्की दिसतंय ना? सावली नाही? कंपाउंडर म्हणतो, त्यानं पुन्हा पुन्हा बघून मोजलं. आता म्हातारा माणूस आहे, म्हणेल काहीही. पण तू एकदा बघ.

आणि दिसत असेल तर निर्णय आहे तसाच ठेव. तिथं दयामाया नको. फक्त ती चष्म्याची ओळ काढता आली तर बघ. माणूस आशेवर होता. बाकी काही नाही.

संमेलनाला येतो. मामीला गुडघ्यामुळे बस झेपत नाही, मी एकटाच येईन.

मामा


१९ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार.

पोचलास ना नीट? संमेलनात इतकी गर्दी की तुझ्याशी धड चार शब्द बोलणं झालं नाही, आणि जेवायला म्हणून शोधलं तर तू केव्हाच बस पकडायला निघून गेला होतास. मामीनं लवकर यायचं वचन घेतलं असणार. बायकोला भिणारा मामा!

पण काय मजा आली! चिटणीसांनी "आधी चष्मा घ्यावा, मग जाळे" वाचलं आणि सभागृह अक्षरशः फुटलं. मागच्या रांगेतून कुणी तरी "पुन्हा वाचा, पुन्हा वाचा" ओरडलं आणि त्यांनी पुन्हा वाचलंही. मी आपली साळसूद चेहरा करून बसले होते, शेरा कुणाचा हे कळू नये म्हणून. हळूच तुझ्याकडे बघितलं तर तू सगळ्यांच्या वरताण हसत होतास. डोळ्यांतलं पाणी पुसत होतास. मग मलाही आवरलं नाही.

चष्म्याची ओळ काढ म्हणून तू लिहिलं होतंस हे लक्षात होतं रे. पण तीच तर गंमत होती. ती काढली असती तर उरलं काय, कोरडं वरण. आणि काका नव्हतेच तिथे, त्यांना काय कळतंय.

घुबड पोचवलंस का त्यांना? तुझ्या हातात ते देताना फोटो काढलाय कुणी तरी. "द्या हो तुमच्या कंपाउंडरला" असं मी म्हणाले आणि तू ते छातीशी धरून उभा आहेस. फोटो छान आलाय, पाठवते.

काका काय म्हणाले ते सविस्तर लिही.

तुझी,
खारूताई


१० फेब्रुवारी

चि. खारूस,

आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर समजून घे. हे झोपलेत म्हणून लिहिते आहे. त्यांना कळलं तर माझी काही खैर नाही.

पांघरुणं उन्हात घालायला कपाट उपसलं तर तळाशी, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते लाकडी घुबड निघालं. मी म्हटलं, हे काय ध्यान आणून ठेवलंय घरात? आधी काहीबाही सांगितलं. चोराच्या मनात चांदणं. मग खाटेवर बसले आणि म्हणाले, ते माझंच आहे.

बाई गं, तो कंपाउंडर मुलाकडे राहायला गेला त्याला वर्ष होऊन गेलं. त्यानं कसली जाळी लावायची? पाखरू ह्यांनीच पकडलं, फोटो ह्यांनीच काढला, टाईप बाजारातून करून आणलं. नाव तेवढं त्याचं घातलं.

आणि दुसरं. मला सांगायला बंदी आहे, पण आता सांगतेच. ह्यांचे डोळे गेलेत. म्हणजे आंधळे नाहीत, चालतात, फिरतात, माझ्यावर ओरडतात. पण जिथं बघतील नेमकं तिथंच डाग येतो. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, ह्याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही. कडेनं दिसेल, मधलं दिसणार नाही. कवळ्या परत का आल्या कळलं ना? दातांचे डॉक्टर नखरेल वगैरे काही नाहीत. तो पोरगा बिचारा स्वतः येऊन बाहेर उभा राहिला होता, बोलायला लाजत होता.

संमेलनाहून आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर गेले आणि जाळ्यांच्या काठ्या उपटून आणल्या. तेव्हापासून काठ्या मोरीत उभ्या आहेत. सकाळी उठतात, चहा पितात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. रेडिओसुद्धा लावत नाहीत.

तुझ्यावर राग नाही त्यांचा. मला म्हणाले, पोरीनं बरोबर लिहिलं. पण खारू, मी घरातली बाई, मला पिसांतलं काही कळत नाही. एवढं कळतं की हसताना माणसानं आजूबाजूला बघावं. तुझ्या मामानं तुला खांद्यावर बसवून ओढा दाखवलाय.

लिहिते ते रागानं नाही. झालं ते झालं. काही तरी कर.

तुझी,
मामी


१७ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

मामीनं लिहिलं. तिच्यावर रागावू नका.

मला कुठून सुरुवात करावी कळत नाहीये. तीन कागद फाडले. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. जेवताना, बसमध्ये, कुठेही मध्येच ते "पुन्हा वाचा, पुन्हा वाचा" ऐकू येतं आणि कान गरम होतात. तुम्ही ओळ काढायला सांगितली होती. सांगितलीसुद्धा नव्हती, विनवली होती. आणि मी तुम्हाला वरून लिहिते की तीच तर गंमत होती. घुबड तुमच्या हातात मीच दिलं. फोटो काढायला मीच लावलं, "कुणी तरी काढलाय" हे खोटं होतं. तुम्ही डोळे पुसत होतात त्याला मी हसणं समजले.

मामीचं पत्र आल्यावर मी पुन्हा तो पंखाचा फोटो काढून बसले. ह्या वेळी पिसं मोजली नाहीत. मामा, त्यात हात आहे. पंख धरलेला हात. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, ग्राइंडरनं गेलेलं, नखाच्या कडेला कवळीचा गुलाबी मसाला. त्या हाताला धरून मी रस्ता ओलांडायला शिकले. पाखराचा गळा दोन बोटांत अलगद धरायची ती पकड मला जगात कुठेही ओळखता यायला हवी होती. भिंगाखाली तो फोटो मी दुपारभर बघितला होता. एकेका पिसाची कड बघितली. हात कुणाचा ते बघितलं नाही.

मला तोंड दाखवायला जागा नाही.

एक करता येईल. शेरे छापायला अजून गेलेले नाहीत. मी मंडळाला लिहिते की फोटो पुरेसा स्पष्ट नाही, निर्णय देता येत नाही. "अनिर्णित" म्हणून नोंद होईल. कुणाची चूक नाही, काही नाही. तुम्ही फक्त हो म्हणा.

आणि मी येऊ का? रविवारी येते. काठ्या मी लावते.

आपली,
खारू


२ मार्च

खारूताई,

पहिली गोष्ट. हे अहो-जाहो बंद कर. मी काय तुझा साहेब आहे? तुझं पत्र मामीनं वाचून दाखवलं. "तीर्थरूप" म्हणाली तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून आलं.

हे मी स्वतः लिहितोय, जाड पेनानं. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर उतरवून घे.

दुसरी गोष्ट. "अनिर्णित" वगैरे काही करायचं नाही. खबरदार. फोटोत पीस दिसतंय की नाही? दिसतंय. मग तो रोजचा वटवट्या आहे आणि रोजचाच राहणार. माझी लाज राखायला पाखराची जात बदलू नकोस. मी लोकांना खोटे दात दिले, पण खोटी नोंद कधी दिली नाही. ही एक दिली, नाव दुसऱ्याचं लावून. पुरे झाली.

आता नाव का लपवलं ते सांगतो, म्हणजे सगळा मळ निघेल. डॉक्टर म्हणाला ते मला पटलं नव्हतं. म्हटलं, दातांत गडबड होत असेल, पिसांत होणार नाही, पिसं माझ्या बोटांत आहेत. मग हे पाखरू आलं. मी मोजलं, पुन्हा मोजलं. सहावं सरळ. उडालोच. वाटलं, तुझ्याकडून तपासून घेऊ. माझ्या नावानं पाठवलं असतं तर तू सांभाळून घेतलं असतंस, "मामा, जरा पुन्हा बघतोस का" असं गोड गोड लिहिलं असतंस. मला खरं उत्तर हवं होतं. मिळालं. चष्म्याची ओळ वाचली आणि कळलं की डॉक्टर बरोबर आहे.

आणि थोडी हावही होती गं. खोटं कशाला बोलू? लांबपंख्या निघाला असता तर सभागृहात उठून म्हणणार होतो, कंपाउंडर कसला, मीच तो! भाषणसुद्धा करून ठेवलं होतं मनात.

हसलो कारण सगळे हसत होते. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या कवळ्या माझ्याच हातच्या. माझेच दात मला हसत होते. त्यात तुझंही हसू ऐकलं. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? घुबड बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो तर शेजारची बाई विचारते, नातवाला खेळणं का? हो म्हटलं.

लाज मला चुकल्याची नाही वाटत. चुका होतात. लाज ह्याची वाटते की तुला जन्मभर "धाकट्याला आधी विचार" म्हणून पिडलं, आणि माझ्यापुढे ते धाकटं पीस होतं आणि मी सरळ ओलांडून गेलो. म्हणजे काय होतं माहितीये का? पिसाकडे बघायला गेलं की पीस नाहीसं होतं. भोवतीचा हात दिसतो, बाही दिसते, मागचं गवत दिसतं. पीस तेवढं दिसत नाही.

रविवारी येऊ नकोस. अजून तुझ्यासमोर बसवणार नाही मला. तुलाही नाही बसवणार, उगीच शूर होऊ नकोस. काठ्या मोरीत बऱ्या आहेत. मामी त्यावर फडकी वाळत घालते.

मामा


२१ ऑक्टोबर

प्रिय खारूताई,

आशीर्वाद.

एवढे दिवस लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस, नुसतं ते दिव्याचं भिंग पाठवलंस. छान आहे. त्यातून डाग मोठा दिसतो.

वटवटे आले. खिडकीतून ऐकू येत होते. मामी म्हणाली, ऐकत बसलायत त्यापेक्षा जा आणि माझी फडकी काढून त्या काठ्या घेऊन जा, मोरीत पाय ठेवायला जागा नाही. बोलते अशी, पण स्वतः गुडघा धरून माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आली. एकच जाळं लावलं.

एक वटवट्या मिळाला. जाळ्यातून सोडवायला डोळे लागत नाहीत, हात करतात ते. धरला. त्याचं काळीज बोटांत वाजत होतं. पंख उघडला. ह्या वेळी घाई केली नाही. पहिलं पीस शोधलं, ते धाकटं. बोटाच्या शेंड्याला लागलं. आहे म्हटलं, तू आहेस. पण पुढच्या खाचा काही बोटाला लागत नाहीत, त्या बघाव्याच लागतात. मामीला म्हटलं, तू मोज. ती म्हणाली, आठ. पुन्हा मोज म्हटलं. म्हणाली, अकरा. तिसऱ्यांदा म्हणाली, सोडा हो त्याला, तुमच्याकडे बघतंय ते.

मग सोडला. ज्याची जात कळत नाही त्याला कडी घालायची नाही, हा नियम. आजवर माझ्यावर ही पाळी आली नव्हती.

त्याची नोंद सोबत पाठवतोय. मामीच्या अक्षरात आहे, सही माझी:

"पक्षी: वटवट्या. जात: कळली नाही. कारण: निरीक्षकास पिसे मोजण्याइतके दिसत नाही. कडी घातली नाही. सोडून दिला."

खाली माझं पूर्ण नाव आहे. कंपाउंडर नाही.

ही जानेवारीत वाचायची. चिटणीसांनी नाही, तू वाचायची. मी पहिल्या रांगेत बसेन. हसायचं त्यांना हसू दे, दात घासूनच आले असतील.

घुबडही घेऊन येतो. पुढच्याला द्यायला लागेल.

तुझा,
मामा


१८ जानेवारी

प्रिय मामी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मामाच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. उघडलं तरी त्याला वाचता येणार नाही, हे मनात आलं आणि लिहिता लिहिता रडू आलं. पण तू विचारशील सभेत काय झालं, आणि तो सांगेल त्यातलं अर्धं खोटं असेल, म्हणून लिहिते.

मी उठले. मामाची नोंद वाचायच्या आधी म्हणाले, मागच्या वर्षी ज्या शेऱ्याला आपण सगळे हसलो तो मी लिहिला होता. आणि ते पाखरू कंपाउंडरनं नाही, माझ्या मामानं पकडलं होतं. तो इथे बसलाय. पुढे माफीचं काय काय पाठ करून आणलं होतं. पहिल्याच वाक्याला अडले. सभागृहात सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. मला वाटलं, जमीन फाटली तर बरं.

तर पहिल्या रांगेतून मामा काय म्हणाला असेल? "अगं नोंद वाच की! मागच्यांना चहा हवाय."

मग वाचली. "जात: कळली नाही" वाचलं तेव्हा कुणी हसलं नाही. सही वाचली. तो उठून उभा राहिला, उगीचच, शाळेत हजेरीला राहतात तसा. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, बरं झालं, त्याला आवडलं नसतं. चिटणीस नुसतं म्हणाले, नोंद घेतली. पुढच्या रांगेतले ते आजोबा, कवळीवाले, मामाशेजारची खुर्ची रिकामी होती तिथं सरकून बसले. 

घुबड ह्या वर्षी मी मागून घेतलं. चिटणीस म्हणाले, कुठल्या चुकीसाठी? मी फोटो दाखवला, तोच, पंखाचा. म्हटलं, ह्यात मी सगळं ओळखलं, हात तेवढा नाही ओळखला. त्यांनी मामाच्या अंगठ्याकडे बघितलं आणि घुबड माझ्याकडे सरकवलं. आता ते माझ्या टेबलावर आहे. मामी, त्याच्याकडे बघायची मला अजून लाज वाटते. वाटू दे.

मामा माझ्याशी नेहमीसारखा बोलला, जेवला, तिसऱ्यांदा भात घेतला, तुला सांगू नको म्हणाला. पण फाटकाशी पायरी उतरताना मी हात पुढे केला तर त्याने घेतला नाही. चाचपडत स्वतःच उतरला. खाली पोचल्यावर मात्र माझा हात शोधून धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही.

पुढच्या मोसमात मी येईन. त्यानं धरायचं आणि मी मोजायचं, असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय. तो "बघू" म्हणाला.

तू त्याला हे पत्र वाचून दाखवशीलच. सगळं नको दाखवूस. शेवटचं तेवढं दाखव. वार्षिक अंक छापायला गेला. निर्णय आहे तसाच आहे, रोजचा वटवट्या, एका शब्दाचा फरक केलेला नाही. फक्त चष्म्याची ओळ मी माझ्या हातानं खोडली. छापखान्यातून विचारलं, ही का काढली? मी लिहून कळवलं, ती ओळ पक्ष्याबद्दल नव्हती.

तुझी,
खारू